हापूसच्या बागेतून दिसणारा नेपाळ: अनुभवाचे दहा बोल

रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या भागात नेपाळी राखणदार नाही अशी हापूसची बाग आता शोधावी लागते. मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी वाशीला जाईपर्यंत रात्रीची गस्त, वानरांना हाकणं, कलमांना पाणी, फवारणीला हात लावणं, झेल्याने आंबा उतरवणं ही सगळी कामं हीच माणसं करतात. मिरकरवाडा बंदरात गेलात तर बोटींवर खलाशी म्हणूनही तीच भेटतात. आमच्याकडे येणारे बहुतेक जण नेपाळच्या सुदूरपश्चिम प्रांतातले आहेत: कैलाली, कंचनपूर, डोटी, अछाम, बझांग.

सासऱ्यांच्या पश्चात बागेचा हिशेब माझ्याकडे आला आणि हिशेबाबरोबर या माणसांची घरंही ओळखीची झाली. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाचं छप्पर उडालं, कुणाचा मुलगा शाळेत रमला, हे सगळं उचलीच्या आकड्यांशेजारीच माझ्या वहीत नोंदलेलं आहे. त्यांच्या गावी मी जाऊन आले, त्यांच्या आया-सासवांच्या हातचं जेवले. भारत-नेपाळ संबंध हा विषय मला या वहीने शिकवला. दोन शेजारी देशांचं नातं आपोआप टिकत नाही आणि ज्याला त्याचा फायदा होतो त्याने ते सांभाळायचं असतं, असं माझं पक्कं मत झालं आहे. ते कसं सांभाळायचं, याबद्दल जे उमगलं ते इथे क्रमाने मांडते.

१. इथे येण्याचा हक्क त्यांचा आहे, आपली मेहेरबानी नव्हे

नेपाळी माणूस इथे चोरून येत नाही. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, व्यापार-उदीम करण्याची, मालमत्ता घेण्याची, ये-जा करण्याची मोकळीक एकमेकांना द्यायची, असं ठरलं. सुमारे १,७५० किलोमीटरच्या या सीमेला आपली पाच राज्यं लागतात: उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम. तिथे व्हिसा लागत नाही आणि जमिनीच्या वाटेने जाताना पासपोर्टही लागत नाही.

आमच्या माणसांची वाट अशी. रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने दिल्ली, आनंद विहारहून बस, मग उत्तराखंडातलं बनबसा. तिथे नदीवरच्या बंधाऱ्याचा अरुंद पूल ओलांडला की पलीकडे गड्डाचौकी आणि महेंद्रनगर. अलीकडे जी शारदा ती पलीकडे महाकाली. १८१६ साली पक्क्या झालेल्या सुगौलीच्या तहाने ही नदी नेपाळची पश्चिम सीमा ठरली. त्याआधी कुमाऊँ आणि गढवालवरही गोरखा राज्याचा अंमल होता. म्हणून पुलाच्या दोन्ही बाजूंना बोली, देव आणि आडनावं एकमेकांत मिसळलेली दिसतात. डोक्यावर गाठोडं आणि कडेवर मूल घेऊन तो पूल चालत ओलांडणारी कुटुंबं ज्याने पाहिली आहेत, तो त्यांना 'घुसखोर' म्हणणार नाही.

तुम्हाला तिकडे जायचं असेल तर एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवा. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ या वयातल्यांचं आधार कार्ड तिथे प्रवासाचं कागदपत्र म्हणून चालत नाही. विमानतळावर हे कळून उपयोग नसतो.

२. हिशेब वहीत असावा, पैसा बँकेतून जावा

बागेतला व्यवहार बहुतेक उचलीवर चालतो. हंगामाच्या आधी थोडी रक्कम, मधे लागेल तशी, आणि शेवटी हिशेब. हा हिशेब दोघांच्या वहीत असला पाहिजे, आणि कामगाराला वाचता येईल अशा आकड्यांत असला पाहिजे. देवनागरी आकडे दोन्ही देशांत तेच आहेत. मग तो वाचू शकत नाही ही सबब उरत नाही.

रोख रक्कम कमरेला बांधून नेण्याचे दिवस संपायला हवेत, आणि त्याचं कारण नुसती वाटेतली चोरी हे नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला आपल्याकडे ५०० आणि १,००० च्या नोटा बाद झाल्या तेव्हा नेपाळच्या डोंगरातल्या कितीतरी घरांत, डब्यात, धान्याच्या कणगीत आपल्याच देशात कमावलेल्या त्या नोटा होत्या. इथल्यासारखी बँकेसमोरची रांगही त्यांच्या वाट्याला आली नाही, कारण तिथे त्या बदलून देण्याची सोयच झाली नाही. दोन सरकारांत बोलणी होत राहिली, नोटा तशाच राहिल्या. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटा वापरायला बंदी केली. घामाचा पैसा कागद होताना ज्या घराने पाहिला, त्या घराला बँकेचं महत्त्व सांगावं लागत नाही. फक्त वाट दाखवावी लागते.

ती वाट आहे. रिझर्व्ह बँकेने २००८ साली भारतातून नेपाळला पैसे पाठवण्याची खास सोय सुरू केली. इथल्या बँकेतून एनईएफटीने पैसे निघतात आणि नेपाळमध्ये नेपाळ एसबीआय बँकेमार्फत घरच्यांच्या हाती पोचतात. २०२१ पासून खात्यातून एका वेळी २ लाख रुपयांपर्यंत पाठवता येतात. खातं नसलेल्या माणसालाही रोख भरून ५०,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. एखाद्या शाखेत काउंटरवरच्या माणसाला ही सोय माहीत नसते. अशा वेळी मालकाने सोबत जावं. मालक शेजारी उभा असला की तोच अर्ज मार्गी लागतो, हे मी वारंवार पाहिलं आहे.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र फार सोपी आहे. १९९३ पासून भारताच्या १०० रुपयांना नेपाळचे १६० रुपये हा दर बदललेला नाही. गावी किती पोचणार हे आमच्या बागेतल्या बायका तोंडी सांगतात.

३. कामाचं वेळापत्रक त्यांच्या पंचांगाशी जुळवा

आपल्याला आंब्याचा हंगाम कळतो, त्यांना घरचा. जून-जुलैत भातलावणी, मग तीज, मग दसैं, त्यापाठोपाठ तिहार. दसैं म्हणजे आपलं नवरात्र आणि दसरा. घटस्थापनेला जव पेरायचे आणि विजयादशमीला घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातून कपाळी अक्षतांचा टिळा आणि कानावर त्या जवाचे कोंब घ्यायचे. हा टिळा घ्यायला जो घरी पोचला नाही, त्याचं वर्ष सुनं जातं. तिहार म्हणजे दिवाळी. त्यात एक दिवस कुत्र्याला हार घालून पूजायचा असतो आणि शेवटच्या दिवशी भाऊबीज. म्हणून कामाचा करार तिहारनंतरचाच करावा. दसैंच्या आधी फोन करून 'लगेच निघा' म्हणणारा मालक माणूस गमावतो, आणि त्याने गमावावाच.

सणांनी आम्हाला जितकं जवळ आणलं तितकं दुसऱ्या कशानेही आणलं नाही. हरितालिकेचा उपास आमच्याकडे आणि त्यांच्याकडे भाद्रपदातल्या एकाच तिथीला. त्या दिवशी काठमांडूच्या पशुपतिनाथाच्या देवळात लाल साड्यांतल्या बायकांची रीघ लागते. सुदूरपश्चिमेत आणि पलीकडच्या कुमाऊँत भाद्रपदातच गौरा हा मोठा सण असतो. पाच धान्यं भिजवायची, शेतातल्या झाडपाल्याची गौरा आणि महेश्वर बांधायचे, टोपलीतून वाजतगाजत आणायचे, आणि रात्री गोल करून हातात हात घालून देउडा गात नाचायचं. कोकणात आम्ही तेरड्याची गौर रानातून आणतो. पावसाळ्यात बागेत थांबलेल्या एका कुटुंबातल्या सुनेने आमची तेरड्याची गौर पाहिली आणि काही न विचारता तिच्यासमोर डोकं टेकलं. तिला ओळख करून द्यावी लागली नाही. त्या रात्री तिने आमच्या ओटीवर देउडा म्हटला आणि आमच्या बायकांनी तिच्यासमोर फेर धरला.

४. 'नेपाळी' म्हणून थांबू नका, गाव विचारा

आपण सगळ्यांना एकच हाक मारतो: गुरखा किंवा बहादूर. पण डोंगरातला डोटीचा माणूस, तराईतला थारू, पूर्वेकडचा राई किंवा लिंबू आणि जनकपूरचा मैथिली बोलणारा यांच्यात सावंतवाडी आणि गडचिरोलीइतकं अंतर आहे.

गाव विचारलं की इतिहास समोर येतो. कैलालीहून येणाऱ्या एका थारू राखणदाराचे वडील कमैया होते, म्हणजे कर्जापोटी जमीनदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणारे वेठबिगार. नेपाळ सरकारने जुलै २००० मध्ये कमैयांना मुक्त जाहीर केलं आणि त्यांची कर्जं रद्द केली. मुक्ती मिळाली, पण जमीन सगळ्यांना मिळाली नाही. हे समजल्यावर तो राखणदार उचल घ्यायला इतका का बिचकतो, हे मला कळलं. कर्ज म्हणजे काय हे त्याच्या घराने आपल्या अंगावर सोसलं होतं. तेव्हापासून त्याला उचल देण्याऐवजी दरमहा मजुरी देते. हा बदल फक्त गाव विचारल्यामुळे झाला.

५. इथल्या प्रत्येक हाताच्या मागे तिथे एक घर एकट्या बाईवर आहे

अछाम-डोटीच्या गावांत मी गेले तेव्हा सर्वांत ठळकपणे जाणवलं ते हे की चढावरच्या वाटांवर भारे घेऊन चालणाऱ्या बायका, म्हातारे आणि मुलंच दिसत होती. कमावते पुरुष दिल्ली, मुंबई, बंगळूर किंवा कोकणात. शेतं, गुरं, सासू-सासरे, कर्जाचे हप्ते, मुलांचा ताप हे सगळं एकीच्या डोक्यावर. शंभर वर्षांपूर्वीच्या रत्नागिरीला हे चित्र अनोळखी नव्हतं. गिरणीत गेलेल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरची वाट पाहण्यात आमच्या आज्या-पणज्यांचं आयुष्य गेलं. म्हणून कोकणी माणसाने तरी त्यांचं हे दुःख परकं मानू नये.

या स्थलांतराची एक किंमत आजाराच्या रूपात चुकवावी लागली. मुंबईहून परतणाऱ्या पुरुषांबरोबर एचआयव्ही अछाम-डोटीच्या घरांत पोचला, आणि कधी गाव न सोडलेल्या बायकांनी तो भोगला. म्हणून मी एक नियम पाळते. हंगाम सुरू होताना आणि घरी परतताना आमच्या माणसांना सरकारी रुग्णालयात तपासणीला नेते, क्षयरोगाची आणि एचआयव्हीची तपासणी करण्याबद्दल मोकळेपणाने बोलते. लाजेपोटी हा विषय टाळला तर त्याची शिक्षा पलीकडे डोंगरात राहणाऱ्या बाईला होते.

दुसरी बाब अपघाताची. आखाती देशांत किंवा मलेशियात जाणाऱ्या नेपाळी कामगाराला त्याच्या सरकारचा श्रम परवाना लागतो आणि त्याबरोबर विमा आणि कल्याण निधीचं कवच येतं. भारतात यायला परवाना लागत नाही, म्हणून ते कवचही मिळत नाही. झाडावरून पडण्याचा, फवारणीची बाधा होण्याचा, बोटीवर समुद्रात हरवण्याचा धोका मात्र आहेच. तेव्हा अपघात विमा मालकाने काढावा. हा खर्च औषध-खताच्या खर्चात मिसळून जाईल इतका असतो.

६. मोकळी सीमा दलालालाही मोकळी असते

या नात्याची काळी बाजू लपवून चालणार नाही, कारण तिचं एक टोक आपल्या महाराष्ट्रात आहे. नोकरी, लग्न, सिनेमात काम अशी आमिषं दाखवून डोंगरातल्या कोवळ्या मुली मुंबईच्या कुंटणखान्यांत विकल्या गेल्या. १९९६ साली मुंबईत पडलेल्या छाप्यांत शेकडो मुली सुटल्या, त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. परत गेलेल्या त्यांतल्याच काही जणींनी काठमांडूत 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली. विकल्या गेलेल्या मुलींनी स्वतः चालवलेल्या या संस्थेला २०१३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अनुराधा कोइराला यांनी १९९३ साली सुरू केलेल्या 'माइती नेपाल'च्या कार्यकर्त्या सीमेच्या नाक्यांवर उभं राहून ये-जा करणाऱ्या मुलींची विचारपूस करतात.

सीमा बंद करा, हा यावरचा उपाय नव्हे. ती बंद झाली तर प्रामाणिक मजूर अडेल, दलाल रानातून वाट काढेल. उपाय असा की, नवं कुटुंब आलं की त्यात कोण कोण आहे, मुलगी कुणाची, तिचं वय काय, हे गावाने विचारावं. त्यांची नोंद ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात करावी. ही नोंद त्यांच्यावर संशय म्हणून करू नका. ती त्यांचं संरक्षण आहे आणि तसं त्यांना सांगून करा.

७. सोयरीक कायद्यापेक्षा जुनी आहे, तरी कागद पक्का हवा

रोटी-बेटीचा व्यवहार आपण म्हणतो, तो मिथिलेत शब्दशः चालतो. सीतेचं माहेर जनकपूर आज नेपाळात आहे आणि रामाची अयोध्या भारतात. मार्गशीर्षात विवाहपंचमीला जनकपूरला रामसीतेचं लग्न लागतं, तेव्हा अयोध्येहून वऱ्हाड जाण्याची प्रथा आहे. मधुबनी-सीतामढीच्या मुली जनकपूर-सिरहाकडे द्यायच्या आणि तिकडच्या इकडे आणायच्या, हे तिथल्या लोकांना शेजारच्या गावात लेक देण्यासारखंच वाटतं.

पण कागदाच्या जगात ती सून परदेशी असते. नेपाळी पुरुषाशी लग्न करून गेलेल्या भारतीय मुलीला तिथे अंगीकृत नागरिकत्व मिळतं, आणि २०१५ च्या संविधानानुसार अंगीकृत नागरिक राष्ट्रपती किंवा पंतप्रधान होऊ शकत नाही. तराईतल्या लोकांच्या मनात याची सल आहे. आमच्याकडेही नेपाळी मुलगा आणि इथली मुलगी अशी लग्नं झाली आहेत. अशा जोडप्यांना मी एकच सांगते: लग्नाची नोंदणी लगेच करा, दोन्ही देशांची कागदपत्रं एका फाइलीत ठेवा. प्रेमाला कागद लागत नाही, पण मुलांना लागतो.

८. घेणं एकट्या नेपाळचं नाही

'आपण त्यांना पोसतो' हे वाक्य ज्याच्या तोंडी येतं त्याने हिशेब नीट मांडावा. आपल्या सैन्यातल्या गोरखा रेजिमेंट्समध्ये नेपाळी जवान लढत आले आहेत. १९४७ साली भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात त्याबद्दलचा त्रिपक्षीय करार झाला. त्या जवानांची पेन्शन आजही पोखरा आणि धरान इथल्या भारतीय कार्यालयांतून दिली जाते. २०२० पासून मात्र नेपाळमधून नवी भरती झालेली नाही. आधी कोरोना आड आला, मग २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि नेपाळने ती मान्य केली नाही. डोंगरातल्या ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या भारताच्या गणवेशात मुलं पाठवली, त्यांच्या दारात हा प्रश्न आज उभा आहे.

व्यापारात नेपाळ आपला मोठा गिऱ्हाईक आहे. त्यांच्या बाजारात औषधं, गाड्या, डिझेल, कांदा हे सगळं भारतातून जातं. सप्टेंबर २०१९ मध्ये बिहारच्या मोतिहारीपासून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. विजेचा व्यवहार तर दोन्ही दिशांनी आहे. एके काळी हिवाळ्यात दिवसाचे पंधरा-सोळा तास अंधारात काढणारा नेपाळ आता पावसाळ्यात जलविद्युत भारताला विकतो, आणि नद्या आटल्या की थंडीत आपल्याकडून वीज घेतो. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट वीज भारताने घेण्याचा करार झाला. पाण्याचं नातं याहून जुनं: १९५४ चा कोसी करार, १९५९ चा गंडक करार. २००८ मध्ये नेपाळात कुसहा इथे कोसीचा बांध फुटला तेव्हा बिहारमधली लाखो माणसं उघड्यावर आली. वरच्या अंगाला जे होतं ते खालच्याला भोगावं लागतं, आणि खालच्याच्या बंधाऱ्याने वरच्याची शेतं बुडतात. दोघांनी मिळूनच तोडगा काढावा लागतो.

आणि आमच्यापुरतं सांगायचं तर ही माणसं आली नाहीत तर आमचा आंबा झाडावरच राहील. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे आमच्या सगळ्या गावाला कळलं. त्याच दिवसांत धारचुल्याला महाकालीचा पूल बंद झाला, घरी निघालेले शेकडो नेपाळी मजूर अलीकडे अडकले, आणि काहींनी नदीत उड्या घेऊन पोहत आपला देश गाठला. आमच्याकडच्यांना आम्ही शिधा दिला, थांबवून घेतलं. गाड्यांची सोय झाली तेव्हा ती रडत गेली आणि पुढच्या हंगामाला परत आली.

९. मोठ्या शेजाऱ्याने मान आधी द्यावा

नेपाळी माणूस मजुरीला आला तरी देश घरी ठेवून येत नाही. नेपाळ हे स्वतंत्र राष्ट्र आहे, ते कधी इंग्रजांची वसाहत नव्हतं, याचा त्याला अभिमान असतो. एप्रिल २०१५ च्या भूकंपात जवळपास ९,००० माणसं गेली. भारताने काही तासांत मदतीची विमानं पाठवली, त्याबद्दल लोक हात जोडतात. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सीमेवर ट्रक अडले, गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत, असे काही महिने गेले. तराईतल्या मधेशी आंदोलकांनी नाके अडवले, आपण नाकेबंदी केलेली नाही, असं भारत सरकारने सांगितलं. पण सरपणासाठी फर्निचर फोडलेल्या घराला ते पटलं नाही. १९८९ साली व्यापार आणि पारगमनाचे करार संपल्यावर बहुतेक नाके बंद झाले होते, ती आठवण जुन्या माणसांना होतीच. २०२० मध्ये कालापानी, लिंपियाधुरा, लिपुलेख आपल्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशा नेपाळने काढला, तेव्हा आमच्या बागेतही दोन दिवस कुणी मोकळं बोललं नाही.

अशा वेळी मी वाद घालत नाही, ऐकते. 'काकी, शेजारी बदलता येत नाही,' असं आमचा थोरला राखणदार तेव्हा म्हणाला. त्याला जे कळतं ते दोन्ही राजधान्यांनी कायम ध्यानात ठेवावं.

आणि आपण मराठी माणसांनी एक जुनं ऋणही ध्यानात ठेवावं. १८५७ च्या पराभवानंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत गेले आणि पेशवे घराण्यातल्या स्त्रियांना नेपाळचा तेव्हाचा पंतप्रधान जंगबहादुर राणा याने काठमांडूत आश्रय दिला. इंग्रजांना लखनौ जिंकायला सैन्य देणारा जंगबहादुरच होता, तरी आलेल्या बायकांना त्याने परत पाठवलं नाही. अवधच्या बेगम हजरत महल यांची कबर आजही काठमांडूत आहे. पुढे जयप्रकाश नारायण आणि राममनोहर लोहिया भूमिगत असताना नेपाळच्याच तराईत राहिले, तिथे पकडलेही गेले आणि १९४३ साली हनुमाननगरच्या कोठडीतून साथीदारांनी त्यांना सोडवलं. उलट बाजूने, नेपाळचे पहिले निवडून आलेले पंतप्रधान बी. पी. कोइराला बनारसला जन्मले आणि शिकले, भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, राजाने त्यांचं सरकार बरखास्त केल्यावर पुढे निर्वासित म्हणून भारतातच राहिले. स्वातंत्र्य आणि लोकशाही या दोन्ही लढाया दोन्ही देशांनी एकमेकांच्या अंगणात लढल्या आहेत.

१०. त्यांच्या मुलांची शाळा सुटू देऊ नका

सर्वांत शेवटी सर्वांत महत्त्वाचं. बागेत वाढणारी ही मुलं घरात डोट्याली किंवा थारू बोलतात, शाळेत मराठी. आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला आलेली एक मुलगी तिसरीत वर्गात सगळ्यांत सुंदर मराठी वाचायची. मग आईबाप बाग बदलून गेले आणि तिचं वर्ष बुडालं. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आईच्या हातात द्यावा, लगेच पुढच्या शाळेत फोन करावा, एवढं केलं तरी मूल टिकतं.

इथे जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला त्याच महिन्यात काढून द्या. तिकडे सोळाव्या वर्षी नागरिकतेचं प्रमाणपत्र काढायचं असतं, आणि इथला दाखला नसेल तर त्या मुलाला आपण कोण हे सिद्ध करत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. एका कागदाअभावी एखादं मूल दोन्ही देशांचं नाहीसं होऊ नये.

माझ्या बागायतदार बंधू-भगिनींना आणि बोटीच्या मालकांना, तसंच नेपाळी पहारेकरी असलेल्या शहरातल्या प्रत्येक सोसायटीला माझी विनंती आहे. येत्या हंगामात पाच गोष्टी करा: माणसाला त्याच्या नावाने हाक मारा, हिशेब दोन वह्यांत लिहा, पैसे बँकेतून पाठवा, अपघात विमा काढा आणि मुलांना शाळेत घाला. दिल्ली आणि काठमांडूने काय करावं हे आपल्या हातात नाही. आपल्या बागेत, बोटीवर, फाटकावर काय व्हावं हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि शेजारधर्माची सुरुवात तिथूनच करायची आहे.